सात सणांचा अभ्याससंच: वल्हांडणापासून मांडवांपर्यंत काय घ्यावे, काय तपासावे

हा संच घ्यावा की नाही असे कोणी विचारले तर मी घ्या म्हणेन, आणि त्याचे मुख्य कारण आहे सातवा पाठ. म्हणून क्रम सोडून आधी त्याबद्दलच लिहिते.

संच म्हणजे सात चित्रफिती, एक स्वाध्यायपुस्तिका आणि भिंतीवर लावायचा घडीचा तक्ता. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातले सात सण एकेक करून घ्यायचे, इस्राएल लोक ते कसे पाळत हे पाहायचे आणि ख्रिस्ताच्या पहिल्या व दुसऱ्या आगमनाशी त्यांचा काय संबंध आहे ते शिकायचे, अशी मांडणी आहे. नाव मी मुद्दाम घेत नाही. याच साच्याचे बरेच संच मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, फिरत असतात आणि माझ्या तक्रारी त्यांनाही लागू पडतात. मी आमच्या मंडळीत प्रौढांचा बायबल अभ्यास घेते. संच आधी एकटीने पाहिला, संदर्भ काढून ताडून पाहिले आणि मग वर्गात वापरला.

सातवा पाठ मांडवांच्या सणाचा, म्हणजे सात दिवस मांडवांत राहून पाळायच्या सणाचा. शिक्षक सुरुवात करतात ती शिलोहाच्या तळ्यापासून. २००४ मध्ये यरुशलेमात सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना तिथे रुंद दगडी पायऱ्या लागल्या आणि रॉनी राइख व एली शुक्रोन या पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्या मंदिराच्या, म्हणजे येशूच्याही, काळातले तळे ओळखले. त्या पायऱ्या पडद्यावर दिसत असताना शिक्षक मिश्नातले, म्हणजे यहूदी रब्बींच्या मौखिक नियमांच्या प्राचीन संग्रहातले, वर्णन शांतपणे वाचून दाखवतात. सणाच्या दिवसांत याजक सोन्याच्या सुरईत तीन लोग (एक जुने माप) पाणी या तळ्यातून भरून घेई. तो मंदिराच्या पाणीवेशीपाशी आला की शिंग फुंकले जाई. वेदीवर दोन पात्रे असत, एकात पाणी आणि दुसऱ्यात द्राक्षारस ओतला जाई. लोक याजकाला ओरडून सांगत, ‘हात वर कर!’ कारण एकदा एकाने ते पाणी वेदीवर न ओतता स्वतःच्या पायांवर ओतले होते आणि संतापलेल्या लोकांनी त्याला हातातल्या महाळुंगांनी झोडपले होते. असा एखादा तपशील ऐकला की तो सण केवळ नियमांच्या यादीतून बाहेर येतो. पावसाळा तोंडावर आहे, पाण्याची प्रार्थना चालली आहे आणि हजारो माणसे त्या सुरईकडे डोळे लावून उभी आहेत.

आणि मग योहानाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय. सणाच्या शेवटच्या, म्हणजे मोठ्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने म्हणाला, ‘कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावे व प्यावे.’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण त्या वाक्यामागे पाण्याची ती मिरवणूक आहे हे डोळ्यांपुढे आल्यावर त्याचे धाडस कळते. हा शेवटचा दिवस सातवा की त्यानंतरचा समारोपाचा आठवा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सातवा धरला तर पाणी ओतले जात असतानाच हे शब्द उच्चारले गेले असतील. आठवा धरला तर मिश्नाच्या मुख्य मतानुसार पाणी ओतण्याचा विधी आदल्या दिवशीच संपलेला असतो आणि त्या कोरड्या दिवशी हे बोलावणे येते. पाठात फक्त पहिली शक्यता सांगितली आहे. मला दुसरी जास्त भिडते, पण दोन्ही सांगायला हव्या होत्या.

दिव्यांचा भाग तर मी वर्गात पुन्हा लावला. स्त्रियांच्या अंगणात चार उंच दीपस्तंभ, प्रत्येकाला सोन्याचे वाडगे, शिडीवर चढून तेल ओतणारे याजककुळातले तरुण आणि याजकांच्या जुन्या इजारी व कमरपट्टे फाडून केलेल्या वाती. त्या उजेडात उजळले नाही असे एकही अंगण यरुशलेमात नसे, असे मिश्ना म्हणते. ज्याने तो आनंदोत्सव पाहिला नाही त्याने आयुष्यात आनंदच पाहिला नाही, असेही म्हणते. लेवी गायक पंधरा पायऱ्यांवर उभे राहून वाद्ये वाजवीत. त्या पंधरा पायऱ्या स्तोत्रसंहितेतल्या १२० ते १३४ या पंधरा आरोहणस्तोत्रांशी मिश्ना जोडते. ‘मी जगाचा प्रकाश आहे’ हे योहान ८:१२ मधले वचन येशूने मंदिराच्या भांडाराजवळ उच्चारले आणि ती जागा याच अंगणात होती असे मानले जाते. शिक्षक इथे फारसे भाष्य करत नाहीत. मिश्ना वाचतात, मग योहान वाचतात आणि थांबतात. मला ही पद्धत मनापासून आवडली.

शेवटी भविष्यवाणी. गणना २९ मध्ये या सणाच्या सात दिवसांचे गोऱ्हे मोजले आहेत: पहिल्या दिवशी १३, मग रोज एक कमी करत सातव्या दिवशी ७. बेरीज ७०. तालमुदातल्या (मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथातल्या) रब्बींनी हे सत्तर बळी जगातल्या सत्तर राष्ट्रांसाठी असल्याचे सांगितले. त्यापुढे जखऱ्याचा चौदावा अध्याय ठेवा. यरुशलेमावर चालून आलेल्या राष्ट्रांतले उरलेले लोक दरवर्षी राजाला, सेनाधीश परमेश्वराला, नमन करायला आणि मांडवांचा सण पाळायला वर जातील. इतक्या सणांतून संदेष्ट्याने राष्ट्रांसाठी हाच सण का निवडला, याचे उत्तर त्या सत्तरात दडले असावे असे मला वाटते. वर्गात गणना २९ चे आकडे फळ्यावर मांडून लोकांनाच बेरीज करायला लावा. तो अध्याय एरवी सगळे वरवर चाळून पुढे जातात.

आता तक्त्याकडे वळते. छपाई उत्तम आहे, महिन्यांची नावे बरोबर आहेत आणि पहिला महिना नीसान व सातवा तिश्री हे नीट दाखवले आहे. डावीकडे वसंतातले चार सण: वल्हांडण (मिसरातल्या सुटकेची आठवण), बेखमीर म्हणजे न आंबवलेली भाकरी, प्रथमफळ आणि सप्ताहांचा सण (पेन्टेकॉस्ट). उजवीकडे शरदातले तीन: कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडव. मध्ये उन्हाळ्याचे लांबलचक मोकळे महिने आहेत आणि त्या पट्टीवर ‘मंडळीचे युग’ असे लिहिले आहे. डाव्या चौघांवर ‘पूर्ण’ असा शिक्का, उजव्या तिघांवर ‘बाकी’.

दिसायला हे फार सुबक आहे. पण या मांडणीमागे एक विशिष्ट ईश्वरविज्ञान आहे आणि ते तक्त्यावर कुठेही सांगितलेले नाही. इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या योजना वेगवेगळ्या आहेत आणि मंडळीचा काळ मध्येच आलेला आहे, ही शिकवण एकोणिसाव्या शतकात उपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांच्यामुळे पसरली. अनेक विश्वासू ख्रिस्ती ती मानतात, अनेक मानत नाहीत. मी स्वतः ख्रिस्ताच्या दृश्य पुनरागमनावर पूर्ण विश्वास ठेवते, तरी ‘पूर्ण’ आणि ‘बाकी’ या शिक्क्यांशी माझे पटत नाही. मांडवांच्या सणाचे पाणी आणि प्रकाश येशूने स्वतःवर आधीच घेतले हे याच संचाचा सातवा पाठ इतक्या सुंदर रीतीने दाखवतो. मग तो सण नुसता ‘बाकी’ कसा? आणखी एक उणीव म्हणजे लेवीय २३ ची सुरुवात शब्बाथापासून, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसापासून, होते आणि तक्त्यावर शब्बाथाला जागाच दिलेली नाही.

वल्हांडणाचा पाठ भक्कम आहे, कारण तिथे नवा करार स्वतः बोलतो. ‘आपला वल्हांडणाचा यज्ञपशू ख्रिस्त’ हे १ करिंथ ५:७ मध्ये पौल लिहितो. कोकराचे हाड मोडू नये हा निर्गम १२:४६ मधला नियम योहान वधस्तंभापाशी आठवतो. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो की वल्हांडणाची कोकरे नवव्या तासापासून अकराव्या तासापर्यंत कापली जात, म्हणजे साधारण दुपारी तीन ते पाच. शुभवर्तमानांत येशूने प्राण सोडला तोही नवव्या तासाच्या सुमारास. शिक्षक हे एकापुढे एक ठेवतात आणि ऐकणारा हेलावतो.

पण एक अडचण त्यांनी झाकून ठेवली आहे. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या सांगण्यावरून शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते. योहानाच्या सांगण्यावरून येशूला खिळले त्या दिवशी यहूदी पुढाऱ्यांनी अजून वल्हांडणाचे भोजन केलेले नव्हते. यावर वेगवेगळी उत्तरे मांडली गेली आहेत. वर्गात मार्क १४:१२ आणि योहान १८:२८ शेजारी शेजारी वाचले की हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. पुस्तिकेत त्यासाठी अर्धे पान ठेवायला काय हरकत होती? त्याऐवजी तिथे आजच्या बेखमीर भाकरीवरची भोके आणि पट्टे यांचे मोठे छायाचित्र आहे आणि ते ख्रिस्ताच्या जखमांचे प्रतीक म्हणून समजावले आहे. ध्यान म्हणून ते चालेल. परंतु आज यहूदी घरांत होणारे वल्हांडणाचे भोजन, तीन भाकरी आणि त्यांतली मधली मोडणे या क्रमासकट, मंदिराच्या नाशानंतर शतकानुशतके घडत गेले आहे. ते जसेच्या तसे येशूच्या मेजावर नेऊन ठेवता येत नाही.

बेखमीर भाकरीचा पाठ छोटा आहे. खमीर म्हणजे पाप आणि निष्पाप देह कबरेत, एवढेच त्यात आहे.

प्रथमफळाचा पाठ मात्र नीट पाहावा. ‘शब्बाथानंतरच्या दिवशी’ याजकाने जवाची पेंढी परमेश्वरासमोर ओवाळायची, असे लेवीय २३:११ सांगते. हा शब्बाथ कोणता? यावर परुशी आणि सदूकी या त्या काळच्या दोन यहूदी पंथांत मतभेद होता. परुश्यांच्या परंपरेप्रमाणे सणाचा पहिला दिवस, म्हणून पेंढी १६ नीसानला, वार कोणताही असो. सदूक्यांच्या बाजूच्या लोकांप्रमाणे आठवड्याचा शब्बाथ, म्हणून पेंढी नेहमी रविवारीच. येशू प्रथमफळाच्याच दिवशी उठला असे पाठात ठामपणे सांगितले आहे. सदूक्यांच्या गणनेने ते थेट बसते. परुश्यांच्या गणनेने बसण्यासाठी त्या वर्षी १६ नीसान रविवारीच आला होता असे मानावे लागते आणि योहानाच्या क्रमाने मोजले तर तसे येतेही. हा सगळा विचार वर्गापुढे ठेवला तर विश्वास डळमळत नाही, उलट लोक जास्त लक्षपूर्वक वाचू लागतात. ख्रिस्त मेलेल्यांतून उठलेल्यांचे प्रथमफळ आहे हे १ करिंथ १५:२० मध्ये स्पष्ट आहेच. पहिली पेंढी आली म्हणजे उरलेले पीक येणार, हा त्यातला आधार. आपल्या माणसांना मातीत ठेवून आलेल्यांसाठी या पाठाइतका दिलासा अख्ख्या संचात दुसरा नाही.

सप्ताहांच्या सणाच्या पाठात मला एक गोष्ट नव्याने दिसली. वल्हांडणाच्या आठवड्यात खमीर घरातही चालत नाही, आणि पन्नासाव्या दिवशी मात्र लेवीय २३:१७ प्रमाणे खमीर घातलेल्या दोन भाकरी ओवाळायच्या. शिक्षक त्या दोन भाकरींत यहूदी आणि परराष्ट्रीय पाहतात, दोघेही पापी आणि दोघेही स्वीकारलेले. हा अर्थ नव्या करारात कुठे लिहिलेला नाही. पण या सणाला सभास्थानांत रूथचे पुस्तक वाचतात, म्हणजे एक मवाबी स्त्री बेथलेहेमच्या कापणीत येऊन दाविदाची पणजी होते, हे लक्षात घेतले की तो अर्थ उपरा वाटत नाही. सीनाय डोंगरापाशी सोन्याच्या वासराच्या पूजेनंतर सुमारे तीन हजार मारले गेले (निर्गम ३२:२८) आणि पेन्टेकॉस्टला विश्वासणाऱ्यांत सुमारे तीन हजारांची भर पडली (प्रेषित २:४१), ही जोडणी वर्गाला फार आवडली. या सणाला नियमशास्त्र मिळाले हे तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, लिहिलेले नाही, ती नंतरची यहूदी परंपरा आहे. पुस्तिकेत ही टीप आहे, आणि त्याबद्दल तिचे कौतुक करायला हवे.

अशी टीप शरदातल्या सणांत हवी होती, आणि तिथेच ती नाही.

कर्ण्यांच्या पाठात १९६८ मध्ये बेंजामिन मझार यांच्या उत्खननात सापडलेला कोरीव दगड दाखवला आहे. मंदिराच्या भिंतीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली मिळालेला, ‘कर्णा वाजवण्याच्या जागेकडे’ अशा अर्थाची अक्षरे असलेला. दगड अस्सल आहे, पण चित्राखाली ‘कर्ण्यांच्या सणाचा पुरावा’ असे छापले आहे. योसेफस सांगतो की मंदिराच्या एका टोकावरून याजक शब्बाथ लागताना आणि संपताना कर्णा वाजवून सूचना देई, आणि हा दगड त्या जागेचा समजला जातो. वर्षातल्या एका सणाशी त्याला बांधायचे कारण नाही.

त्याहून गंभीर म्हणजे ‘त्या दिवसाविषयी व घटकेविषयी कोणाला ठाऊक नाही’ हे येशूचे बोलणे म्हणजे कर्ण्यांच्या सणाचे यहूद्यांमधले टोपणनावच होते, असे पाठ सांगतो. नवा चंद्र दिसल्याची साक्ष मिळाल्यावरच महिना सुरू होई हे खरे, मिश्नात साक्षीदारांची तपासणी सविस्तर आली आहे. परंतु ते नाव म्हणून वापरल्याचा एकही प्राचीन दाखला पाठात दिलेला नाही. मत्तय २४ मध्ये पुढची ओळ नोहाच्या दिवसांची आहे, चंद्राची नाही. प्रभूने जे सांगण्याचे नाकारले तेच या युक्तीने त्याच्या तोंडून वदवून घेतले जाते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

याचे परिणाम इतिहासात दिसलेले आहेत. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला तो कराई या यहूदी पंथाच्या पंचांगातल्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरूनच. हजारो लोक वाट पाहत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जे वाटले त्याला आजही ‘मोठी निराशा’ म्हणतात. अलीकडे १५ एप्रिल व ८ ऑक्टोबर २०१४ आणि ४ एप्रिल व २८ सप्टेंबर २०१५ ही चार खग्रास चंद्रग्रहणे वल्हांडण आणि मांडवांच्या सणांवर आली तेव्हाही जगभर गाजावाजा झाला. हे दोन्ही सण पौर्णिमेला असतात आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते. या संचात तारीख दिलेली नाही, ही जमेची बाजू. पण सहाव्या पाठाच्या शेवटी ‘सणांच्या काळात आकाशाकडे लक्ष ठेवा’ असे जे वाक्य आहे ते मी वर्गात ऐकवले नाही.

प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या पाठात प्रमुख याजक मंदिराच्या सर्वांत आतल्या परमपवित्रस्थानात मेला तर ओढून काढता यावा म्हणून त्याच्या पायाला दोर बांधत असत ही गोष्ट येते. लेवीय १६ मध्ये ती नाही, मिश्नात नाही, तालमुदात नाही. ती मध्ययुगीन लेखनातून आली आहे. लाल लोकरीच्या धाग्याची गोष्ट मात्र तालमुदात खरोखर आहे: मंदिराच्या नाशाआधीची चाळीस वर्षे क्षमेची खूण म्हणून पांढरा व्हायचा तो धागा पांढरा होईना, परमेश्वराच्या बोकडाची चिठ्ठी याजकाच्या उजव्या हातात येईना, मंदिराची दारे आपोआप उघडत. नाश सन ७० मधला, म्हणजे चाळीस वर्षे मागे गेले की सन ३० च्या आसपास. ख्रिस्ती वाचकाच्या अंगावर काटा येतो, माझ्याही आला. पण तालमुद तिथे येशूविषयी बोलत नाही, मंदिरावर येऊ घातलेल्या नाशाच्या खुणा सांगतो. दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्यात.

आणि या पाठातली सर्वांत मोठी उणीव म्हणजे इब्री ९ आणि १० यांना दिलेली चार ओळींची जागा. ख्रिस्त स्वतःचे रक्त घेऊन एकदाच परमपवित्रस्थानात गेला, हे प्रायश्चित्ताच्या दिवसाचे नव्या करारातले सर्वांत विस्तृत विवेचन. पाठ जखऱ्या १२:१० वर आणि इस्राएलच्या भावी पश्चात्तापावर रेंगाळतो. ती आशा मलाही प्रिय आहे. पण इब्री ९:२८ मध्ये तो ‘दुसऱ्यांदा दिसेल’ हेही लिहिले आहे. आत गेलेला प्रमुख याजक बाहेर येण्याची वाट लोक पाहत आहेत, हे चित्र तिथे तयारच आहे.

वर्गातल्या एका आजींनी पाचव्या पाठानंतर विचारले, ‘ताई, हे सगळं यहूदी लोकांना पटतं का?’ या प्रश्नासाठी संचात एकही पान नाही. त्यांच्यासाठी हे सण आमच्या भविष्यवाणीचा तक्ता नाहीत. मंदिर गेल्यावरही त्यांनी ते जपले, छळात जपले, आजही पाळतात. दुसऱ्या शतकात सार्दीसचा बिशप मेलिटो याने वल्हांडणावर अतिशय सुंदर प्रवचन केले आणि त्यातच यहूद्यांवर इतके कठोर शब्द वापरले की पुढच्या शतकांत तशा बोलण्याने काय घडले ते आठवून वाचताना मान खाली जाते. सणांचा ख्रिस्ती अर्थ शिकवणाऱ्या प्रत्येक संचात याची जाणीव असलीच पाहिजे. या संचात यहूद्यांविषयी प्रेमाने बोलले आहे, पण त्यांचे स्वतःचे म्हणणे कुठेही ऐकू येत नाही.

बाकी तांत्रिक बाबी ठीक आहेत. आवाज स्वच्छ, चित्रफिती लांबलेल्या नाहीत, पुस्तिकेतले प्रश्न वसंतातल्या चार पाठांसाठी विचारपूर्वक काढलेले आणि नंतर नुसत्या रिकाम्या जागा भरा.

वर्ग घेणाऱ्यांनी सातही पाठ दाखवावेत. पाचव्या आणि सहाव्या पाठाआधी मात्र मूळ अध्याय वाचून घ्यावेत, म्हणजे गणना २९ आणि लेवीय १६. आमच्या तक्त्यावर उजवीकडच्या तीन चौकटींखालचा ‘बाकी’ हा शिक्का मी कागद चिकटवून झाकला आहे आणि त्या जागी संदर्भ लिहिले आहेत. मांडवांखाली योहान ७ व जखऱ्या १४, प्रायश्चित्ताखाली इब्री ९, आणि कर्ण्यांखाली १ थेस्सलनीका ४, अठराव्या वचनापर्यंत. तिथे पौल कर्ण्याचा उल्लेख करून या वचनांनी एकमेकांचे समाधान करा असे सांगतो.